फाइल येते

आमच्या घरात ‘गेली’ या शब्दाला बंदी होती. होडी गेली म्हणायचं नाही, एसटी गेली म्हणायचं नाही. दिवे बंद पडले की सगळं बोईसर-तारापूर ‘लाइट गेली’ म्हणून ओरडायचं आणि आमची आय म्हणायची, “लाइट नाय गो, बत्ती लाव.” नवापूरच्या किनाऱ्यावरून होडी सुटली, लांब ठिपका झाली, आणि कुणी विचारलं, “निघाली काय गो?” तर घरच्या बाईनं एकच उत्तर द्यायचं, “येते.” म्हणजे निघाली. होडीचं तोंड दर्याकडे, पाठ आपल्याकडे, तरी येते.

हे काही एकट्या आमच्या गावाचं वेड नाही. मराठी माणूस दारातून बाहेर पडताना ‘येतो’च म्हणतो. बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, नारळ फोडला तरी वाढवला, दुकान बंद केलं तरी वाढवलं. आमच्याकडे ते सक्तीचं होतं एवढंच. इतरांचा माणूस बाहेर पडला तर बाजारात जातो. आमचा पाण्यात जातो.

मला हे पटत नसे. पालघरला कॉलेजात असताना मी कामगारांच्या संघटनेत जाऊ लागले, पत्रकं लिहू लागले, आणि पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. जे आहे ते त्याच नावानं म्हणायचं. उपासमार असेल तर उपासमार म्हणा, टंचाई म्हणू नका. त्या जोरात मी आयला एकदा तोंडावर विचारलं, “बाबा निघाले तेव्हा तू येते असंच म्हटलंस ना? मग? आली का होडी?”

आय मासळीला मीठ लावत होती. हात न थांबवता म्हणाली, “दर्यानं त्याचं केलं. मी माझं केलं.”



बाबांच्या माघारी आय काही काळ चिंचणीच्या बाजारात दुसऱ्यांची मासळी विकत होती. मग एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. कापडाला चढवतात ते रंग. ड्रममधली पावडर पिशव्यांत भरायची, तोंडाला पदर बांधून. निळा माल चालू असला की तिचा घामसुद्धा निळा यायचा, उशीचा अभ्रा निळा व्हायचा. रविवारी शेजारीण दारात यायची आणि म्हणायची, “आज कोण झालीस गो, राधा का किसन?”

“किसन,” आय म्हणायची. “पर बासरी वाजवाया फुरसत नाय.”

पॅकिंगच्या सगळ्या बायका टेंपररी. काही आमच्या किनाऱ्यावरच्या, काही आतल्या डोंगरपट्टीतल्या वारली बायका, पावसाळ्यापुरती शेती करून उरलेलं वर्ष कारखान्यावर येणाऱ्या. कायम करायची वेळ जवळ आली की कंपनी ‘ब्रेक’ द्यायची. ब्रेक म्हणजे काढून टाकणं. थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नव्यानं लागल्या असं दाखवून परत घ्यायचं. मला आयच्या ‘येते’चा राग यायचा, पण कंपनीच्या ‘ब्रेक’चा जास्त यायचा. आय वाईट शब्द टाळायची ती मरणाच्या भीतीनं. कंपनी टाळायची ती कायद्याच्या.

माझी मोठी बहीण, ताई, हिचं मात्र या दोन्हींशी भांडण नव्हतं. ती शांत होती. बोईसरला बारावी झाली, पालघरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच कंपनीत ऑपरेटर म्हणून लागली. मुंबईत जागा महाग म्हणून कंपनीनं आपल्या सगळ्या कारखान्यांचा एकच मोठा कॉम्प्युटर बोईसरला ठेवला होता. मेनफ्रेम म्हणत त्याला. कपाटांची रांग असावी तसा, आणि त्याच्यासाठी थंड खोली. आय पॅकिंगमध्ये घामानं निळी, आणि शंभर पावलांवर ताई स्वेटर घालून बसलेली. एकाच कंपनीत. आयला त्याचा अभिमान होता. ती बायकांना सांगायची, “माझी बाय थंडीत काम करते, हिमालयात.”

ताईच्या खोलीत जे चालायचं त्याबद्दल मला पहिल्यापासून उत्सुकता होती. आधी फाइली टेपवर उतरवून शिपायाबरोबर मुंबईला जात. मग मॉडेम आला. टेलिफोनच्या तारेवरून इकडच्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधली फाइल तिकडच्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायची. तिकडची कंपनी म्हणजे आमच्या रंगाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचाही मेनफ्रेम होता, मुंबईत. किती माल निघाला, कोणता रंग, किती ड्रम, हे सगळं रोज त्या तारेवरून जायचं. जेवणाच्या सुट्टीत लाइन त्यातल्या त्यात मोकळी मिळे, म्हणून ताई डबा नेहमी उशिरा खायची.

तिनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. दोन फोन असतात. एक मॉडेमला जोडलेला, एक माणसांना बोलायला. फाइल तारेवरून पूर्ण पोचली तरी ती लगेच आत जात नाही. तिकडच्या कॉम्प्युटरच्या ओसरीवर बसून राहते. मुंबईचा ऑपरेटर तिला हात धरून आत घेतो. त्याला ते फाइल चढवणं म्हणत. आणि चढवण्याआधी तो दुसऱ्या फोनवर विचारून घेतो, कारण आमची लाइन मध्येच तुटायची आणि अर्धवट फाइल चढवली तर सगळाच घोटाळा.

“एवढं मोठं मशीन, आणि तोंडी विचारावं लागतं?” मी म्हटलं.

“मशीनचा मशीनवर विश्वास नाय गो अजून,” ताई म्हणाली.

पहिल्याच दिवशी गंमत झाली होती. मुंबईचा ऑपरेटर म्हणजे एक वयस्क गृहस्थ. ताई त्यांना काका म्हणायची. तोंड कधी पाहिलं नाही, आवाज तेवढा ओळखीचा. त्यांनी विचारलं, “गेली का हो फाइल?” ताई म्हणाली, “येते.” काका वाट बघत बसले. बऱ्याच वेळानं पुन्हा विचारलं, “अहो बाई, गेली का?” ताई पुन्हा, “येते म्हटलं ना.”

“येते म्हणजे? पाठवलीत की नाही?”

“पाठवली ना. केव्हाच.”

“मग येते काय येते? पाहुणी आहे का ती?”

“आमच्यात असंच म्हणतात, काका.”

काका खूप हसले म्हणे. मग म्हणाले, “बरं, तुम्ही येते म्हणालात की मी आली समजेन.” तेव्हापासून तसं ठरलं. एका बाजूला ‘गेली का’, दुसऱ्या बाजूला ‘येते’, आणि फाइल चढायची. वर्षानुवर्षं. कागदावर ही गोष्ट कुठेच नव्हती.

त्याच काळात आम्ही पॅकिंगच्या बायकांना कायम करून घेण्यासाठी लढलो. लढलो म्हणजे गेटवर बसलो, पालघरला मोर्चा नेला, मी रात्रंदिवस पत्रकं लिहिली. ‘ब्रेक नको, न्याय हवा’, असली. त्यात मला भारी काही वाटत नाही. बायका बसल्या हे खरं. वारली बायका पोरं पाठीला बांधून बसल्या, आमच्या बायका दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन बसल्या. शेवटी कंपनीनं मान्य केलं. पॅकिंगच्या सगळ्या बायका कायम.

आणि लगेच कळलं की कंपनी कारखाना विकतेय. तीच मुंबईची गिऱ्हाईक कंपनी घेतेय.

करार असा होता की ठरलेल्या दिवशी जुन्या कंपनीच्या कायम कामगारांची जी फाइल नव्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढेल, त्यातली माणसं जुन्या नोकरीसह नव्या कंपनीत जातील. फाइलीत नसेल तो बाहेर. कायम कामगारांची फाइल दर महिन्याला पाठवायची असं त्यांच्यात ठरलंच होतं, आणि आधीच्या महिन्याची मुंबईला चढलेली होती. तिच्यात पॅकिंगच्या बायका नव्हत्या, कारण तेव्हा त्या कायम नव्हत्या. आता नवी फाइल जायची होती. ती पाठवणार होती ताई.

आदल्या दिवशी ताईनं फाइलीचा छापील कागद घरी आणला, खरं तर परवानगी नसताना. आयला जवळ बसवलं आणि इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. “ही तू.”

“यवढीच?”

“यवढीच जागा असते एकेका माणसाला.”

आयनं पदरानं बोट पुसलं आणि मग त्या अक्षरांवरून फिरवलं. मला म्हणाली, “तू लिवतेस त्यात तर मी कंदी नसते.” मी म्हटलं, पत्रकात एकेकाचं नाव घालत नाहीत, पत्रक सगळ्यांचं असतं. “हां,” ती म्हणाली. कागद घडी करून तिनं ताईला परत दिला. त्या संध्याकाळी तिनं खुशीत पापलेट केलं, जे आमच्या घरात विकायचं असतं, खायचं नसतं.

दुसऱ्या दिवशीचं मी ताईकडून ऐकलंय, तसंच लिहिते. तिनं जेवणाच्या सुट्टीत फाइल सोडली. लाइन त्या दिवशी चक्क एकदाही तुटली नाही. फाइल पूर्ण पोचल्याची खूण इकडे उमटली. मग बोलायचा फोन वाजला. आवाज काकांचा नव्हता, कुणी तरुण मुलगा होता. काका सुट्टीवर होते.

“गेली का मॅडम?”

“येते.”

“बरं.”

त्यानं फोन ठेवला. ताईनं तो ‘बरं’ काकांच्या ‘बरं’सारखाच ऐकला. डबा उघडला, जेवली.

तिकडे तो मुलगा वाट बघत बसला. त्याची काय चूक? मॅडम म्हणाल्या येते, म्हणजे अजून यायची आहे. फाइल त्याच्या ओसरीवर येऊन बसली होती, पण ती अर्धवट असेल, मागाहून पुरी येईल, असं त्यानं धरलं. त्यानं पुन्हा फोन लावला. दुपारी बोईसरचा फोन लागला तर नशीब. नाही लागला. त्याच्या साहेबानं विचारलं, नवी फाइल चढली का? तो म्हणाला, येतेय म्हणतात. साहेब म्हणाला, आपण थांबू शकत नाही, जी आधी चढलेली आहे तीच धरा.

तीच धरली.

हे आम्हाला कळलं ते गेटवर. नव्या कंपनीच्या पहिल्या दिवशी वॉचमननं लांबच लांब छापील यादी घेऊन नावं वाचायला सुरुवात केली. हा वॉचमन उत्तरेकडचा, आमच्या आडनावांची त्यानं पार वाट लावली. बायका हसत होत्या. “ये, तुला बोलावतोय बघ, तुझ्या बापाचं नाव बदाललंन त्यानं!” एकेक जण आत जात होता. प्लँटचे, बॉयलरचे, स्टोअरचे. पॅकिंगचं एकही नाव येईना. बायका हसायच्या थांबल्या. आय पुढे होऊन उभी राहिली, वॉचमनच्या तोंडाकडे बघत, म्हणजे तिचं नाव कितीही वाकडं उच्चारलं तरी ओळखता यावं.

वॉचमननं कागद गुंडाळला. “बस. खतम.”

“मेरा देख भैया,” आय म्हणाली. “हाय उसमें. मी हात लावलाय त्याला.”

“माताजी, जो है वो पढ़ दिया.”

ताई तोवर आत पोचलेली होती. तिचं नाव जुन्या फाइलीत होतंच. थंड खोलीच्या खिडकीतून गेट दिसत नाही. ती आत नव्या साहेबांना चहा कुठे मिळतो ते सांगत होती.

काका सुट्टीवरून आल्यावर त्यांचा फोन आला. त्यांनी ताईला जे सांगितलं ते तिनं घरी येऊन आम्हाला सांगितलं. फाइल पोचली होती. सगळीच्या सगळी. अजूनही तिथेच होती, त्यांच्या कॉम्प्युटरच्या ओसरीवर, कुणी हात न लावलेली. आयच्या नावासकट.

“मग चढवा म्हणावं आता!” मी म्हटलं.

“दिवस गेला ना.” ताईच्या तोंडून निघून गेलं. आयनं वर पाहिलं. ताईनं खाली मान घातली.

मी काकांना बोईसरच्या पीसीओवरून फोन केला. म्हटलं, हेच लिहून द्या, फाइल वेळेत पोचली होती एवढंच. त्यांनी आधी ताई कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, “मुली, त्या पोराची नोकरी जाईल. आणि माझी. मी तुमच्या ताईंना सांगितलं कारण मला झोप येईना. लिहून नाही देऊ शकत.” मी त्यांना वाटेल ते बोलले. भित्रे म्हटलं, मालकाचे कुत्रे म्हटलं. मग जवळचे पैसे संपले आणि फोन ठेवावा लागला.

मग पर्सोनेलच्या साहेबांनी ताईला बोलावलं. हे साहेब जुन्या कंपनीतूनच नव्या कंपनीत आले होते, ताईला लहानपणापासून ओळखत असल्यासारखे बोलायचे. म्हणाले, तुमच्या आईसाठी मी प्रयत्न करतोय. सगळ्याच बायकांसाठी. नवी फाइल उशिरा स्वीकारायची तर कारण हवं. तुम्ही लिहून द्या की माझ्या हातून फाइल वेळेत गेली नाही.

“पाठवली होती साहेब. पोचली पण होती.”

“ते मला कळतंय हो. पण चूक कुणाची तरी ठरल्याशिवाय ती दुरुस्त कशी करायची? मशीनला तर माफी मागायला लावता येत नाही.”

ताईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी अंगणभर नाचले रागानं. म्हटलं, सही करायची नाही. हा सापळा आहे. कबुली एकदा हातात आली की ते तुझाही गळा धरतील आणि आयलाही घेणार नाहीत. आपण कोर्टात जाऊ. काकांना साक्षीला ओढू. ताई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “कोर्ट किती वर्षं?”

मी बोटांवर मोजू लागले.

“आयला तोवर काय? परत मासळीची टोपली?”

“मी मजबूत हाय,” आय म्हणाली. “माजा इचार करून लिवू नको. आन माजा इचार करून लिवायची थांबू पन नको.”

“पण खोटं लिहायचं आय!” मी ओरडले. “तिनं पाठवली होती!”

“काय लिवायचं हाय त्यात?” आयनं ताईला विचारलं. “शब्द सांग.”

“फाइल गेली नाही.”

आयनं तो शब्द तोंडात घोळवल्यासारखा केला. मग म्हणाली, “मग लिव. ‘नाय’ हाय ना फुडं. वंगाळ नाय त्यात काय.”

मला त्या क्षणी दोघींची कीव आली आणि दोघींचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन वाळूत बसले. मालकाच्या कागदावर सही करायची की नाही हे आमच्या घरात ठरलं ते एका ‘नाय’वर. कायद्याचं ज्ञान मला होतं. पत्रकं मी लिहीत होते. माझं कुणी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर ऐकून तरी त्यांच्या हाती काय देणार होते मी? तारखा.

ताईनं लिहून दिलं. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, चहा पाजला.

पुढे काय झालं ते संघटनेतल्या कुणालाही आधीच सांगता आलं असतं. नव्या कंपनीचं पत्र आलं. जुन्या कंपनीच्या ऑपरेटरच्या स्वतःच्या कबुलीनुसार फाइल ठरल्या दिवशी पाठवलीच गेली नव्हती, त्यामुळे संबंधित महिलांची जबाबदारी जुन्या कंपनीवर राहते, नव्या कंपनीवर नाही. जुनी कंपनी? बोईसरला तिची पाटीसुद्धा उतरवली होती. आणि पाठोपाठ ताईला नोटीस. गंभीर निष्काळजीपणाबद्दल सेवा समाप्त. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते साहेब दिसले, गाडीत बसताना. मी गेटवरून ओरडले, “साहेब, चूक दुरुस्त झाली का?” त्यांनी काच वर केली.

कोर्टात केस घातली. वकील म्हणाले, कबुली नसती तर सोपं होतं.

संघटनेनं पत्रक काढायचं ठरवलं आणि अर्थातच ते मी लिहायचं. मी सगळं लिहिलं. येते-गेलीचं, काकांचं, त्या मुलाचं, ओसरीवर पडून राहिलेल्या फाइलीचं, ‘नाय’चं सुद्धा. मला वाटत होतं की माझ्या हातून इतकं खरं आजवर काही उतरलं नव्हतं. आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, त्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला.

“हे सगळं काढ.”

“का?”

“लोक हसतील. आणि मालक काय म्हणेल? कोळणीला कॉम्प्युटरवर बसवलं की असंच होणार. तू त्याच्या हातात काठी देतेयस.”

“पण झालं तसंच आहे मास्तर.”

“झालं तसंच आहे, म्हणूनच काढ.”

मी भांडले. पण मास्तर चुकीचं बोलत नव्हते. असं म्हणणारी माणसं मी बोईसर नाक्यावर रोज ऐकत होते. शेवटी पत्रक छापलं ते असं, की तांत्रिक कारण पुढे करून व्यवस्थापनानं कष्टकरी महिलांना रस्त्यावर आणलं आहे. खाली मागण्या. नेहमीसारखंच. कुणाच्याही कारखान्याचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

एक प्रत मी घरी नेली. आय अंगणात बोंबील वाळत घालत होती. चिंचणीच्या बाजारात जायला तिनं परत सुरुवात केली होती, पण आता बसून उठताना ती जमिनीला हात टेकायची. पॅकिंगला लागायच्या आधी टेकत नव्हती. म्हणाली, “वाच.” मी वाचलं. पत्रक मोठ्यानं वाचायची माझी सवय आहे, चौकातल्यासारखी. शेजारची बाई पण येऊन उभी राहिली, मान हलवून म्हणाली, “चांगला टोला हानलास गो.”

आयनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “यात माजी बाय कुटं हाय?”

“तिला वाचवण्यासाठीच काढलंय आय. लोकांनी तिलाच नावं ठेवली असती.”

“मग ते तिला जाऊन सांग. घरात बसलेय ती.”

मी आत गेले. नोटीस आल्यापासून ताई दुपारचीही आतच बसायची. पालघरला एका टायपिंगच्या क्लासात शिकवायला ये म्हणून निरोप आला होता, तिनं उत्तर दिलं नव्हतं. मी पत्रक तिच्या हातात दिलं. तिनं ते ऑपरेटरसारखं वाचलं, वरपासून खालपर्यंत, अक्षर न सोडता. मी समजावत होते, तुझं नाव का नाही, मास्तर काय म्हणाले, मालक काय म्हणेल. तिनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

मग म्हणाली, “माझं राहू दे. आयचं नाव कुठं घातलंयस?”

“पत्रकात एकेकाचं नाव घालत नाहीत ताई.”

“हां.” तिनं कागद मला परत दिला. “मग इथंबी नाय.”

बाहेरून आयनं हाक मारली, मासळी पलटायला या गो दोघी. ताई उठली आणि बाहेर गेली. मी उरलेली पत्रकं वाटायला बोईसरला जायच्या तयारीत होते, गाडीची वेळ होत आली होती, तरी जाऊन तिच्या शेजारी बसले. आम्ही तिघी बोंबील पलटत होतो.

केस अजून चालू आहे. साक्षीला ताईलाच बोलावणार आहेत, आणि तिला तिची सही दाखवून विचारणार आहेत, हे खरं की खोटं. वकील म्हणतात, तोवर कुठेही नावं छापू नका. म्हणून ती इथेही घातलेली नाहीत.